‘मो-हो-ला-च’ : ध्वनिलेखन आणि नामार्थाचा मोह

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाविषयीच्या लेखनात युआन श्वांगच्या प्रवासवृत्तातील ‘मो-हो-ला-च’ हे देशनाम पुरावा म्हणून पुढे केले जाते. तो नेमका कशाचा पुरावा आहे, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

इ. स. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वृत्ताच्या अकराव्या खंडात हे नाव चार चिन्हांनी लिहिले आहे. चिन्हांचे अर्थ सुटे पाहू गेल्यास घासणे, दटावणे, विपरीत, खिन्न असे काहीतरी हाती लागते. चिनी वाचक ते तसे वाचत नाही. पहिली दोन चिन्हे बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून ‘महा’साठी रूढ झालेली असल्याने पुढेही ध्वनीच घ्यायचा, हे त्याला उमगते. अर्थ येथे स्थगित होतो. नष्ट होत नाही. खुद्द युआन श्वांगलाही अर्थाचा मोह आवरलेला नाही. भारताच्या नावाची जुनी लेखने बाजूला सारून त्याने ‘यिन्-तु’ हे शुद्ध ठरवले आणि त्याचा अर्थ चंद्र असा दिला. ‘सिंधु’पासून निघालेले नाव अशा रीतीने ‘इंदु’पाशी पोचले!

आधुनिक अभ्यासकांचा मोह निराळा आहे. ‘मो-हो-ला-च’ हे रूप मराठीत आले ते इंग्रजी अनुवादांतून, विशेषतः सॅम्युएल बीलच्या १८८४ च्या अनुवादातून. म्हणजे त्यात उत्तरकालीन चिनी उच्चार आहे. सातव्या शतकात तिसऱ्या चिन्हाच्या अखेरीस ‘त्’ होता आणि चौथ्याच्या आरंभी ‘ठ’सारखा मूर्धन्य महाप्राण. ‘र’साठी ‘ल’ येणे त्या लेखनात नित्याचेच. म्हणजे मूळ लेखन ‘म-ह-लत्-ठ’च्या जवळ जाते. आता ‘महारट्ठ’ हे प्राकृत रूप सापडले, भांडारकरांच्या ‘रट्ठ’ व्युत्पत्तीला चिनी साक्षीदार मिळाला, असे म्हणण्याचा उत्साह स्वाभाविक आहे. तो टिकत नाही. त्याच खंडात सुराष्ट्राचे नावही याच अखेरच्या दोन चिन्हांनी लिहिले आहे. आणि ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर एकाच चिन्हात दाखवण्याची सोय त्या लिपीत नाही. प्रवाशाने ‘राष्ट्र’ ऐकले असो वा ‘रट्ठ’, कागदावर हेच उतरलेले असू शकते.

ध्वनिलेखनाचे मर्म या अनिर्णयात आहे. आंबेगाव तालुक्यातील घोडेगावाचे उदाहरण घ्यावे. नावात घोडा ऐकू येतो, पण गाव घोड नदीच्या काठी आहे. चिनीत अर्थानुवाद करणाऱ्याला ‘घोडा’ की ‘घोड’ याचा निवाडा आधी करावा लागेल. ध्वनी लिहिणारा तो प्रश्न जसाच्या तसा पुढे सोपवतो. अर्थात त्याचेही हात पूर्ण स्वच्छ राहत नाहीत. गुडगाव (२०१६ पासून गुरुग्राम) चिनीत ‘गू-अर-गांग’ असे लिहिले जाई. त्यातील शेवटच्या चिन्हाचा अर्थ डोंगराची धार. ‘गाव’ ऐकू येते, दिसतो डोंगर. मुंबईच्या चिनी नावातले दुसरे चिन्ह ‘विकत घेणे’ या अर्थाचे आहे. बाजारपेठेच्या शहराला ते शोभते, हा निव्वळ योगायोग.

देवनागरी याबाबत निर्दोष आहे, हा आपल्याकडचा समजही तपासून पाहावा लागेल. बीलच्या रोमन लेखनात शेवटचा वर्ण महाप्राण आहे. मराठीत येताना त्याचा सरसकट ‘च’ झाला. तो ‘च’ चहातला की चाकातला, हे देवनागरी सांगत नाही.