खलपुरुषाची मोहिनी

साहसपट पाहणाऱ्या रसिकांस एक अनुभव परिचयाचा आहे. चित्रपट पाहून दहा-वीस वर्षे लोटली म्हणजे नायकाचे नाव आठवावे लागते; खलपुरुषाचा आवाज, त्याची चाल, त्याचे हसणे ही मात्र न बोलावता समोर येऊन उभी राहतात. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'त चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम ज्या पिढीने पाहिला, तिने हाच अनुभव नाटकगृहात घेतला होता. ज्याचा आपण तिरस्कार करावा अशी कथेची अपेक्षा असते, त्याचेच बोलणे आपण आवडीने ऐकत राहतो. ही मोहिनी कशातून निर्माण होते, आणि कलाकृतीने तिचे मोल प्रेक्षकाकडून कोणत्या रीतीने वसूल करावे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा एक भाग फार पूर्वी सोडविला आहे. धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाची लक्षणे सांगताना तो लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असतो असे म्हटले. दंडीने 'काव्यादर्शा'त त्यापुढचे पाऊल टाकले. शत्रूचे कुल, पराक्रम आणि विद्या यांचे वर्णन करून मग नायकाकडून त्याचा पराभव दाखविला, तर नायकाचा उत्कर्ष अधिक आल्हाददायक होतो, असे त्याचे मत आहे. १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटात एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचे जे खड्गयुद्ध आहे, ते या सूत्राचे चोख उदाहरण होय. गाय ऑफ गिस्बोर्नची भूमिका करणारा रॅथबोन प्रत्यक्षात फ्लिनपेक्षा सरस तलवारबाज होता. त्याच्या हातातील सफाईमुळेच रॉबिनच्या विजयाला वजन येते.

परंतु दंडीच्या सूत्रात खलपुरुषाचे वैभव शेवटी नायकाच्या खात्यात जमा होते. ज्या खलपुरुषांविषयी आपण येथे बोलत आहोत, त्यांचे वैभव असे जमा होत नाही. त्यांचा पराभव झाला तरी ते त्यांच्यापाशीच उरते. १९८८ साली आलेल्या जॉन मॅक्टिर्ननच्या 'डाय हार्ड'मधील हान्स ग्रूबर हा अशांपैकी एक. ही भूमिका करणारा ॲलन रिकमन हा रंगभूमीवर मुरलेला इंग्रज नट; हा त्याचा पहिलाच चित्रपट. लॉस एंजेलिसमधील एका उंच इमारतीत सशस्त्र साथीदारांसह शिरलेला हा गृहस्थ आरडाओरड करीत नाही. तो उंची कपडे घालतो, ओलीस धरलेल्या कंपनीप्रमुखाच्या सुटाची जाणकारीने वाखाणणी करतो आणि थोड्याच वेळाने, तीन अंक मोजून, त्याच माणसाला गोळी घालतो. राजकीय कैद्यांच्या सुटकेची त्याची मागणी हा निव्वळ देखावा असतो. त्याला तिजोरीतील रोखे हवे असतात. नायक मात्र अनवाणी, रक्तबंबाळ, धापा टाकीत धावत असतो.

या विरोधात मोहिनीचे पहिले रहस्य सापडते. साहसपटात नायकाला सवड नसते. त्याला धावावे लागते, कोणास तरी वाचवावे लागते, घड्याळ त्याच्या विरुद्ध असते. सवड असते ती खलपुरुषाला. तो बसू शकतो, विनोद करू शकतो, वाक्याच्या मध्येच थांबू शकतो. ज्याला थांबता येते त्याचीच भाषा रंगते, आणि ज्याची भाषा रंगते तो लक्षात राहतो. क्रौर्याने खलपुरुष भीतिदायक होतो. स्मरणीय होतो तो या सवडीमुळे.

हिंदी चित्रपटात या सवडीचा सर्वांत समर्थ उपयोग रमेश सिप्पी यांच्या, १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या, 'शोले'त झाला. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात गब्बरसिंह सुमारे तासाभराने प्रथम दिसतो. तोवर त्याचे नाव आपण ऐकलेले असते. मग खडकांवर चालणारे बूट दिसतात, हातातला पट्टा दगडांवरून घासत जातो, आणि मगच तो चेहरा. रामगढहून हात हलवीत परतलेल्या तीन साथीदारांशी तो हलक्या आवाजात बोलतो. पिस्तुलातील तीन गोळ्या हवेत उडवून उरलेल्या तिघांचा तो जुगार मांडतो, तिघेही वाचतात, तो हसतो, साऱ्या टोळीला हसवितो, आणि ते हसू रंगात असतानाच तिघांना ठार करतो. अमजद खान यांचा आवाज या भूमिकेस पुरेसा दणकट नाही, अशी शंका चित्रीकरणाच्या वेळी घेतली गेली होती. वस्तुतः त्या आवाजाच्या चढउतारातच भूमिकेचे मर्म होते. दणकट आवाजाचा डाकू पुढे काय करील हे प्रेक्षक ओळखतो. तंबाखू मळीत लाडाने बोलणारा काय करील, हे त्याला सांगता येत नाही.

येथवर 'शोले' आणि 'डाय हार्ड' एकाच वाटेने जातात. 'शोले' त्यापुढे जातो तो मोहिनीचे मोल वसूल करताना. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड घडते तेव्हा लहान मुलावर झाडलेली गोळी आपण पाहत नाही. दृश्य तेथेच तुटते आणि ठाकूर घरी परततो. अंगणात पांढऱ्या वस्त्रांखाली झाकलेले देह आणि ती वस्त्रे उडविणारा वारा, एवढेच आपल्या वाट्याला येते. ठाकूरच्या हातांवर तलवारी उगारल्या जातात. पुढे दिसते ती वाऱ्याने उडालेली शाल आणि तिच्याखालची पोकळी. सचिन पिळगावकर यांनी वठविलेल्या अहमदच्या बाबतीत, वर्षानुवर्षे दाखविल्या गेलेल्या आवृत्तीत, गब्बर हातावर चढलेली मुंगी सहज चिरडतो आणि नंतर घोड्यावरून त्या पोराचे प्रेत गावात येते. त्याचा अंध पिता भोवतालच्या शांततेचे कारण विचारतो. या प्रसंगी गब्बरला एकही शब्द नाही. ज्याचे बोलणे आपण मिटक्या मारीत ऐकले, त्याच्या कृत्यापुढे चित्रपट सर्वांनाच मुके करतो, आणि आपल्या हसण्याची आपल्यालाच लाज वाटू लागते. मोहिनी व शोक यांचा हा जमाखर्च चित्रपटाने आतल्या आत बरोबर ठेवला आहे. हेच त्याचे खरे श्रेष्ठत्व, असे आम्हांस वाटते.

हा जमाखर्च ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी वाचकास अधिक जवळचा वाटावा. गब्बरसिंह या नावाचा डाकू चंबळच्या खोऱ्यात खरोखरच होऊन गेला. लोकांची नाके-कान कापण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. १९५९ साली भिंड जिल्ह्यात पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. त्या काळी मध्यप्रदेशच्या पोलिसदलाचे प्रमुख असलेल्या के. एफ. रुस्तमजी यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. पटकथाकार-जोडीपैकी सलीम खान इंदूरचे. त्यांचे वडील पोलिस अधिकारी होते. अमजद खान यांनी भूमिकेच्या तयारीसाठी तरुणकुमार भादुडी यांचे चंबळच्या डाकूंवरील 'अभिशप्त चंबल' हे पुस्तक वाचले होते. चित्रपटातील गाव मात्र कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत उभे राहिले. भिंडच्या डाकूला मोहिनी होती की नाही, याची चिंता नाक गमावलेल्या माणसाने केली नसेल. ती मोहिनी कलेने दिली आहे. म्हणून तिचा जाबही कलेलाच द्यावा लागतो.

आणि येथेच एक अनर्थ घडला, जो चित्रपटाच्या बाहेर घडला. 'शोले'च्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि घरोघर वाजू लागल्या. ध्वनिमुद्रिकेत आवाज येतो. पांढरी वस्त्रे येत नाहीत, अंगणातला वारा येतो तो नुसता आवाज म्हणून. पुढे याच गब्बरच्या वेषात अमजद खान ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत झळकले. मुलांचा खून करणारा पुरुष मुलांच्या खाऊची शिफारस करू लागला, आणि कोणासही त्यात विपरीत वाटले नाही. खर्चाची बाजू फाडून टाकली आणि जमेची तेवढी जपून ठेवली, असा हा प्रकार झाला.

परीनिरीक्षण मंडळाची दृष्टीही याच जागी चुकली. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या जोड्यांनी गब्बरचा प्राण घेतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत, माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे मंडळास मानवले नाही. पोलिसांना ऐन वेळी आणून गब्बरला त्यांच्या स्वाधीन करावे लागले. मूळ शेवट असलेली, जतन करून सिद्ध केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविली गेली. सूडाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु कलेच्या हिशेबाने पाहता तो शेवटच प्रामाणिक होय. हात गमावलेल्या माणसाचे पायच उरतात, आणि ज्या देहाची सवड आपण इतका वेळ पाहिली तो त्या पायांखाली येतो. मंडळ ठाकूरच्या क्रोधाला भ्याले. गब्बरच्या गोडीची भीती त्यास वाटली नाही.

यावरून खलपुरुष मोहक नसावा असा निष्कर्ष काढणे अनुचित होईल. नीरस खलपुरुष हा खोटा खलपुरुष असतो, कारण दुष्टपणा नेहमी कुरूप वेषातच येतो असे तो प्रेक्षकाला शिकवितो. जगाचा अनुभव तसा नाही. ग्रूबर शिष्टाचाराने येतो, गब्बर विनोदाने येतो, आणि दोघांनाही आपण क्षणभर दाद देतो. ती दाद आपल्याकडून काढून घ्यावी आणि मग ती कोणाला दिली हे दाखवावे, एवढी अपेक्षा समीक्षकाने बाळगावी. 'डाय हार्ड' हे काम चतुराईने करतो. तेथे मेलेल्यांसाठी कोणी फार वेळ थांबत नाही. 'शोले' थांबतो. म्हणूनच त्याच्या खलपुरुषाचे संवाद पुन्हा आठवताना, त्या अंध पित्याच्या प्रश्नानंतरची शांतताही आठवणे, हे रसिकाचे कर्तव्य ठरते.