स्पीकरची पेटी आणि जाड लाकडाचा मोह

शालेय विज्ञान प्रदर्शनात घरी बनवलेला स्पीकर हा प्रकल्प नेहमी दिसतो. सोबतच्या तक्त्यावर 'पेटी जाड व जड लाकडाची असावी, सागवान उत्तम' असे वाक्यही बहुधा असते. हौशी मंडळींसाठीच्या पुस्तिकांतून ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जात आहे. हे वाक्य एकदा तपासून पाहावे असे आम्हाला वाटते. ते पूर्ण चूक असते तर सोपे होते. ते निम्मे बरोबर आहे, म्हणूनच टिकून राहिले आहे.

मुळात पेटी कशाला लागते? स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पेटी नसेल तर कमी वारंवारतेच्या ध्वनीच्या वेळी समोरची हवा कडेने वळसा घालून मागची उणीव भरून काढते, आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. पेटी मागचा ध्वनी अडवते. तिने स्वतः मात्र काही बोलू नये. सागवानाचे समर्थक घसरतात ते येथे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावरची तबली तारांच्या नादात आपला नाद मिसळण्यासाठीच असतात. स्पीकरच्या पेटीने तसे केले, तर तंबोरा, तबला आणि बातम्या वाचणारा निवेदक या सर्वांना एकच रंग चढेल. 'लाकडाचा गोड आवाज' हा वाद्याचा गुण आहे, पेटीचा तो दोष समजावा.

आता जाडीचे पाहू. फळीची अनुस्पंदन वारंवारता तिच्या जाडीच्या समप्रमाणात वाढते. पदार्थाचा संबंध येतो तो यंगचा गुणांक भागिले घनता, याच्या वर्गमुळातून. हे वर्गमूळ म्हणजे त्या पदार्थाच्या बारीक दांड्यातला ध्वनीचा वेग. पोलाद, ॲल्युमिनियम आणि काच यांचे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. तिन्हींचे उत्तर सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास येते. म्हणजे सारख्या मापाचे पत्रे जवळपास एकाच वारंवारतेला कंप पावतील, मग पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड का असेना! वजनाने कंपनाचा आवाका कमी होतो हे खरे, पण नुसत्या वजनाने पत्र्याचे वाजणे थांबत नाही.

फळी दुप्पट जाड केली तर वारंवारता दुप्पट होते, आणि वजनही दुप्पट होते. त्याऐवजी कडा टेकवलेल्या चौरस फळीला मधोमध एक ताठ आडवी पट्टी दिली, तर तीच वारंवारता सुमारे अडीच पट होते. पट्टीचे वजन किती? हा हिशेब तक्त्यांवर आम्हाला कधी आढळलेला नाही.

पण वारंवारता वाढवणे हेच योग्य, असे तरी कोणी ठरवले? या प्रश्नाला हात घालणारे एक जुने लिखाण शिक्षकांनी माहीत करून घ्यावे असे आहे. बीबीसीच्या संशोधन विभागातील हारवुड आणि मॅथ्यूज यांनी १९७७ साली स्पीकरच्या पेट्यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. पेटीच्या भिंतीतून किती ध्वनी बाहेर पडतो, एवढे मोजून ते थांबले नाहीत. त्यातला किती कानाला कळतो, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. जाड भिंतीचे अनुस्पंदन मध्यम वारंवारतांकडे सरकते. कान तेथेच तिखट असतो, आणि जाड फळीचे कंपन शमवणेही अवघड. पातळ भिंतीचे अनुस्पंदन खाली राहते, आणि आतून चिकटवलेला डांबरी नमदा तिचे कंपन चटकन गिळतो. पातळ बर्च प्लायवूड आणि भरपूर अवमंदन, अशी ही रीत. बीबीसीच्या एलएस ३/५ए या छोट्या स्पीकरची पेटीही १२ मिलिमीटर प्लायवूडचीच होती.

या अहवालाचे आम्हाला कौतुक आहे ते त्यातील प्रश्नासाठी. त्याच्या भक्तांविषयी तसे म्हणता येत नाही. 'पातळ तेच चांगले' असा नवा मंत्र काहींनी त्यातून काढला. तो निष्कर्ष विशिष्ट आकाराच्या, विशिष्ट कामाच्या पेट्यांचा आहे. फक्त खर्जासाठीची पेटी असेल तर भिंती ताठ करून त्यांचे अनुस्पंदन स्पीकरच्या कामाच्या पट्ट्याबाहेर वर ढकलणे हाच सरळ मार्ग ठरतो. शिवाय नमदा न लावता नुसती पातळ फळी घेतली तर ढोलच तयार होईल. पुढे बाजारात एमडीएफच्या पेट्या पसरल्या, त्यामागे नादगुणांपेक्षा कारखान्यातली सोय अधिक होती, असे आमचे मत आहे.

जड पेटीवाले वाळूचा दाखला देतात. वॉर्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी प्लायवूडच्या दोन थरांमध्ये वाळू भरली होती, हे खरे. परंतु वाळू काम करते ते केवळ वजनाने नव्हे. कण एकमेकांवर घासून कंपनाची ऊर्जा उष्णतेत घालवतात. तेवढ्याच वजनाची काच लावून हे साधणार नाही.

आपल्याकडे मातीच्या माठात स्पीकर बसवण्याची हौस आहे, आणि ती टाकाऊ नाही. गोल कवच सपाट फळीपेक्षा फार ताठ असते. मात्र माठ निवडताना आपण टिचकी मारतो आणि खणखणीत वाजणारा घेतो. पाण्यासाठी ते बरोबर, कारण तडा नसल्याची ती खूण आहे. स्पीकरसाठी तोच खणखणाट नडतो, आणि बाहेरून गोणपाट डकवून तो घालवावा लागतो.

प्रदर्शनातील परीक्षकांनी सागवानाला गुण देण्याऐवजी एक साधा प्रयोग मागावा. एकाच प्लायवूडमधून ३० सेंटिमीटरच्या तीन चौरस फळ्या कापाव्यात. एक तशीच ठेवावी, दुसरीला मधोमध पट्टी ठोकावी, तिसरीला वॉटरप्रूफिंगच्या कामाचे डांबरी फेल्ट पूर्ण चिकटवावे. प्रत्येक फळी सारख्याच खोक्याच्या तोंडावर स्क्रूने बसवून बोटाच्या पेराने ठोकावे, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून वर्णपट पाहावा. दुसऱ्या फळीत स्वर वर चढलेला दिसेल, तिसऱ्या फळीत तो लवकर विझलेला दिसेल. दोन्ही उपाय एकाच फळीवर केले तर काय होते, हे विद्यार्थ्यांनी आधी लिहून ठेवावे आणि मग ठोकून पाहावे.