छळाचे दुसरे टोक

धर्मांतराच्या आत्मकथनांत छळ बहुधा धर्म बदलणाऱ्याच्याच बाजूने सांगितला जातो. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) त्याच वळणाचे: सत्याचा शोध, घरच्यांचा विरोध, मग बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे वळण मोडतात. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा हयात असताना ताटातूट आली. टिळक श्रद्धेवर अढळ होते हे खरेच. पण लक्ष्मीबाईही आपल्या धर्मावर तितक्याच ठाम होत्या, हे आपण विसरतो. त्या हे हसत सांगतात, म्हणून जास्त लागते.

आमच्या आष्टीपलीकडच्या नगर जिल्ह्यात हा संसार पुन्हा उभा राहिला, तोही सुरुवातीला सोवळे सांभाळून. आधी मनातला जातिभेद गळाला, बाप्तिस्मा नंतर आला. पुस्तक भाविक साक्ष म्हणून वाचणारे आणि निव्वळ विनोदासाठी वाचणारे, दोघेही हा क्रम ओलांडून जातात. (मला दुसरे अधिक खटकतात.) १९१९ मध्ये टिळक गेले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यात टिळकांपेक्षा त्यांचेच अध्याय कितीतरी जास्त आहेत.