बंदूक, वही आणि सुगरण

पक्ष्यांची भाषा आपणांस समजावी, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. किल्लारीच्या बाजूस त्या हौसेची हळहळ झाली आहे. १९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहांटे भूकंप झाला आणि हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. आदल्या रात्रीं कुत्रीं रडत होतीं, पांखरें थाऱ्यावर नव्हतीं, असें सांगणारे पुढें पुष्कळ भेटले. सांगणाराचें दुःख खरें. परंतु दुःखांतील आठवण म्हणजे पुरावा नव्हे. कुत्रीं इतर रात्रींही रडतात. त्या रात्रींची नोंद कोणी ठेवीत नाहीं. अशी नोंद ठेवण्याची विद्या ज्यांनीं जन्मभर आचरली, त्या डॉ. सालिम अलींचें ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) हें आत्मचरित्र मीं अलीकडे पुन्हां वाचलें, तें याच विचारांत.

ग्रंथाच्या नांवांत बायबल व ‘हॅम्लेट’ या दोहोंचा ध्वनि आहे. येथें मात्र चिमणी पडते ती ग्रंथकाराच्याच हातून. बालपणीं मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीनें त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचें दार दाखविलें, ही कथा सर्वश्रुत आहे. मला अधिक बोलकी वाटते ती १९०६-०७ च्या सुमाराची दुसरी नोंद. मादी भोकांत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर. मुलानें नर टिपला. थोड्याच वेळांत मादीजवळ दुसरा नर हजर. सात दिवसांत असे आठ नर पडले. हें क्रौर्य खरें. पण मुलानें तें मोजलें आणि लिहून ठेवलें, म्हणून तो एक प्रयोगही झाला.

यानंतर १९३० चा पावसाळा पाहावा. जर्मनीहून परतलेले सालिम अली नोकरीवांचून अलिबागजवळील किहीमला राहिले होते. तेथें सुगरणींच्या वसाहतीपुढें ते तासन् तास बसले. नर अर्धें घरटें विणून थांबतो, पंख फडफडवून व ओरडून माद्यांना बोलावतो. माद्या येऊन घरटें पारखतात. एखादीनें तें पत्करलें, म्हणजे तो तें पुरें करतो. आणि ती अंड्यांवर बसली, कीं दुसऱ्या घरट्याचा पाया घालतो. प्रश्न बालपणींचाच होता: नरमादीचा संबंध कसा जुळतो? पूर्वीं तो बंदुकीनें विचारला, आतां डोळ्यांनीं. बंदुकीनें एवढेंच सांगितलें कीं दुसरा नर आला. मादी कोणास व कशावरून पत्करते, हें सांगावयास दोघेही जिवंत असावे लागतात.

परंतु यांत हृदयपरिवर्तनाची कथा शोधूं नये. लगेच १९३१-३२ मध्यें त्यांनीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा, आणि अर्थात् किल्लारीही, तेव्हां त्याच राज्यांत होती. या पाहणींत नमुन्यांसाठीं पक्षी मारावे लागतच. आपलें पक्षिप्रेम भावविवश नाहीं, आणि हजारों नमुने जमविल्यावांचून भारतीय पक्ष्यांचें वर्गीकरण पुढें गेलें नसतें, असें ते ग्रंथांत स्पष्ट म्हणतात. निरर्थक हत्येचा ते तितकाच स्पष्ट धिक्कार करतात.

हा बचाव मला मान्य आहे. माझी तक्रार वाङ्मयीन आहे. एका चिमणीच्या पतनावरून ज्या ग्रंथाला नांव दिलें, त्यांत हजारोंचा हिशेब कांहीं ओळींत मिटवावा, हें खटकतें. मोटारसायकलींच्या आठवणींत रमणारा हा लेखक नेमका येथें घाई करतो. कदाचित् त्याचें उत्तर शब्दांत नसून कृतींत असेल. १९५९ पासून सोसायटीनें त्यांच्या नेतृत्वाखालीं पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांना सोडून देण्याचें मोठें काम हातीं घेतलें. त्यांत पक्षी धरावयाचा तो पुन्हां उडूं देण्यासाठींच.

म्हणून हा ग्रंथ आमच्या बाजूच्या तरुणांनीं वाचावा. जनावरांना धरणीकंपाची चाहूल लागते काय, हा प्रश्न टाकाऊ नाहीं. पण त्याचें उत्तर ज्याला हवें, त्यानें कांहीं न घडणाऱ्या शेंकडों रात्रींही जागून वही लिहिली पाहिजे. किहीमच्या त्या पावसाळ्यांत सालिम अलींनीं तेंच केलें.