‘चाचा’ आणि ‘सरखेल’ : एका संज्ञेमागील सत्ताव्यवहार

क्लेमंट डाउनिंग याचा हिंदुस्थानातील युद्धांविषयीचा ग्रंथ १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच आंग्रे यांना ‘चाचा’ या अर्थाचे विशेषण जोडलेले आहे. मराठी कागदपत्रांत तेच आडनाव ‘सरखेल’ या पदासह येते. या दोन संज्ञांतील विरोधाचा निकाल आपल्याकडे बहुधा राष्ट्राभिमानाच्या अंगाने लावला जातो. इंग्रजांनी ज्याला लुटारू म्हटले तो वस्तुतः आरमारप्रमुख होता, असा हा प्रतिवाद आहे. तो आवश्यक असला तरी अपुरा आहे. कारण त्यात नाव बदलते, नामकरणाची रीत मात्र अबाधित राहते.

ही रीत परवान्याच्या व्यवहारात स्पष्ट दिसते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ सक्तीचा केला, इंग्रज कंपनी आपले परवाने देई आणि कान्होजी आंग्रे यांनी आपल्या दस्तकाचा आग्रह धरला. परवाना नसलेले गलबत अडवून माल जप्त करणे, ही कृती तिघांचीही होती. कंपनीने कान्होजींचा हा अधिकार नाकारला, तेव्हाच ‘चाचा’ या शब्दाला जागा मिळाली. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तुळाजींच्या मागे स्वकीय सत्ताही उरली नव्हती. तात्पर्य, ही संज्ञा कृतीचे वर्णन करीत नाही. ती कर्त्याच्या अधिकाराविषयीचा निवाडा देते.

हा निवाडा इतिहासजमा झालेला नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज लुटारूंनी ताब्यात घेतले. सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले. त्यांना थायलंडच्या एका मासेमारी बोटीने वाचवले. जहाज ‘मेगा रामा’ या नव्या नावाने निघाले. नोव्हेंबरमध्ये भारतीय तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ आणि नौदलाच्या ‘प्रहार’ या नौकांनी ते पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. त्यासाठीचा कायदा २०२२ मध्ये झाला.

 १९८२ च्या सागरी कायदाविषयक आंतरराष्ट्रीय करारातील चाचेगिरीच्या व्याख्येचा कणा ‘खासगी हेतू’ हा आहे. शिवाय तेथे कृती खासगी जहाजावरून आणि खुल्या समुद्रात घडावी लागते. परिणामी, बंदरात एखाद्या गणवेशधारी अधिकाऱ्याने जहाज अडकवून पैसे उकळले, तर त्याला लाचखोरी म्हणता येईल, चाचेगिरी नव्हे. खलाशाच्या वाट्याला येणारी भीती सारखीच असते; शब्द मात्र पदाला सांभाळून घेतो.

म्हणून सर्वच चाचे निर्दोष, असा निष्कर्ष निघत नाही. तराफ्यावरच्या सतरा जणांपुढे असा सापेक्षतावाद टिकणारा नाही. प्रश्न आहे तो वाचनाच्या केंद्राचा. डाउनिंगच्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी कंपनी आहे, आपल्या प्रतिवादाच्या केंद्रस्थानी सरखेल आहे. अडवलेल्या गलबतावरचा तांडेल दोन्हीकडे अनुपस्थित आहे. समुद्रावरील सत्तेविषयीच्या कोणत्याही संहितेची चिकित्सा या अनुपस्थितीपासून सुरू व्हावयास हवी.