मे महिन्यातली पुस्तके

आमच्या सोसायटीत पुस्तकांची भिशी आहे आणि तिची वही माझ्याकडे असते. मंडळात बँकेतला माणूस असला की खजिनदाराची निवडणूक घ्यावी लागत नाही. लग्नात आहेर लिहायला, गणपतीत वर्गणी मोजायला आणि टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब धरायला मलाच बसवतात. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. वाङ्मयाशी माझा संबंध चेकवरच्या अक्षरी रकमेपुरता, असे सर्वांचे मत आहे. त्यामुळे पुस्तके इतर लोक ठरवतात आणि मी ती वहीत उतरवून घेतो.

भिशीचा व्यवहार सोपा आहे. बारा घरे, दरमहा प्रत्येकी २०० रुपये. त्यातून त्या महिन्याच्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती घ्यायच्या, घरोघर फिरवायच्या आणि शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमून त्यावर बोलायचे. खाणे यजमानाकडे. वर्ष संपले की प्रती चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. पुढच्या वर्षाची बारा पुस्तके डिसेंबरच्या बैठकीत ठरतात, आणि ही बैठक मात्र कधी चुकवू नये. एरवी पुस्तकावर बोलताना घड्याळाकडे बघणारी माणसे त्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत हलत नाहीत.

आमच्या लोकांना पुस्तक निवडताना बघितले की मला आमचा कर्जविभाग आठवतो. आधी तारण बघायचे. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालेले, म्हणजे तारण पक्के, मंजूर. मग जामीनदार. 'बनगरवाडी'वर सिनेमा निघाला होता, म्हणजे जामीनदार उभा आहे, शिवाय पुस्तक बारीक, म्हणजे मुदतही कमी, मंजूर. 'बटाट्याची चाळ'ला तर आम्ही कागदपत्रेसुद्धा मागत नाही. 'कोसला' दर वर्षी सुचवली जाते आणि दर वर्षी "ती काय, सगळ्यांनी वाचलेलीच आहे" असे म्हणून सोडून दिली जाते. मी वाचलेली नाही. पण इतर अकरा जणांबरोबर मीही मान हलवतो. आता त्या अकरांतही माझ्यासारखे किती आहेत, हे शोधायला आमच्याकडे ऑडिटर नाही.

या पद्धतीत एकही पुस्तक बुडीत जात नाही. गैरसोय एवढीच की बोलायला काही उरत नाही. गेल्या वर्षी 'ययाति'च्या दिवशी नानांनी वहीत उतरवलेली सुभाषिते वाचून दाखवली. ती उतरवून घेण्यासारखी आहेतच. त्या कादंबरीत पानापानावर कुणीतरी सुविचाराच्या फळ्यासमोर खडू घेऊन उभे असते. मग सगळे आळीपाळीने "छान आहे" म्हणाले. सहा मिनिटे झाली. थालीपिठात भाजणी घरची की विकतची, यावर पुढे पाऊण तास चर्चा झाली आणि ती खरोखरच उत्तम झाली. त्यात दोन मते होती.

पुस्तकावरही दोन मते होऊ शकतात हे आम्हांला गेल्या सप्टेंबरात कळले, तेही चुकून. 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' ही दोन पुस्तके एकाच वर्षी, म्हणजे १९६७ साली आली, हे कुणाच्या तरी लक्षात आले आणि दोन्ही एकाच महिन्यात ठेवली. नाना कर्णाचे. कॉलेजात असताना त्यांनी 'मृत्युंजय' दोन रात्रींत संपवली होती आणि तेव्हापासून आयुष्यात जे जे मिळाले नाही त्याला ते कवचकुंडले म्हणतात. चौथ्या मजल्यावरच्या माई निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "अहो नाना, कर्णावर अन्याय झाला हे सांगतंय कोण? स्वतः कर्ण, त्याचा भाऊ, त्याची बायको, त्याची आई आणि त्याचा दोस्त. सगळे साक्षीदार घरचे. शेवटी कृष्णाला आणलाय, तर तोही आरोपीच्याच बाजूनं बोलतो!"

नाना लाल झाले. "आणि तुमच्या बाईंचं पुस्तक म्हणजे शवविच्छेदन. डोळ्यांत टिपूस येत नाही."

माझे मत कुणी विचारले नाही, म्हणून इथे देतो. दोघांचेही बरोबर होते. शिवाजी सावंतांच्या कर्णाला सूर्य लागतो, विशेषणे लागतात, आणि वाचणाऱ्याचे वय सोळा लागते. ते वय आपल्याला पुन्हा मिळते ही त्या कादंबरीची खरी ताकद आहे, आणि ते वय पुस्तक मिटल्यावर टिकत नाही ही तिची अडचण. इरावती कर्वे उलट नात्यागोत्यांच्या अभ्यासक. लग्नघरात कोपऱ्यात बसून कोण कुणाचे कोण आणि कुणाचे कुणाशी का बिनसले हे न्याहाळणारी आत्या असते ना, तशा त्या महाभारतात बसल्या आहेत. भीष्म सेनापती झाले तेव्हा त्यांचे वय काय असेल, याचा त्या सरळ हिशेब मांडतात. आम्हांला साठाव्या वर्षी नारळ देतात. मला तो हिशेब वाचून भीष्मांबद्दल आदर वाटायचा थांबला आणि काळजी वाटू लागली. डोळ्यांत टिपूस येत नाही हे नानांचे म्हणणे खरे. ते दोन दिवसांनी येते, लोकलमध्ये, उभ्याने.

त्या दिवशीचे वडे थंड झाले. नाना आणि माई तीन आठवडे एका लिफ्टमध्ये चढले नाहीत. पण माईंच्या चुका काढण्यासाठी नानांनी 'युगान्त' परत मागवले आणि पेन्सिल घेऊन वाचले. एखादे पुस्तक दुसऱ्यांदा वाचले गेल्याची आमच्या वहीत एवढीच नोंद आहे. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की सर्वांना आवडेल असे पुस्तक ज्याने त्याने आपल्या घरी वाचावे. चार माणसे जमवायची तर त्यासाठी निदान एकाला तरी न पटणारे पुस्तक पाहिजे.

हे मत मी डिसेंबरच्या बैठकीत मांडणार होतो. मांडले नाही. मांडायची वेळ आली तेव्हा मी लिहीत होतो.

जानेवारीत 'स्वामी' ठरली. वर्षाची सुरुवात शुभ हवी, आणि ती सगळ्यांच्या आवडीची. फेब्रुवारीत 'बनगरवाडी'. 'कोसला' या वेळी माईंनी हट्टाने घ्यायला लावली. ती मी हळूच मार्चात टाकली, म्हणजे न वाचण्याला मार्चअखेरच्या कामाचे कारण तयार राहील. आणि मग तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मी एक सुचवू का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. हे गृहस्थ तीन वर्षे भिशीत आहेत. वर्गणी एक तारखेला, प्रत परत वेळेवर, मत "छान". खजिनदाराच्या दृष्टीने याहून चांगला सभासद होत नाही. ते म्हणाले, "दया पवारांचं 'बलुतं'."

कुणी नाही म्हटले नाही. आमच्यात नाही म्हणायची पद्धतच नाही. नाना म्हणाले, "वा! घ्यायलाच हवं." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "हो, पण जरा जड आहे ना? खाण्याच्या वेळी..." कुणीतरी म्हणाले, "मग मे महिन्यात ठेवू या." सर्वांना एकदम हायसे वाटले. तळमजल्यावरचे गृहस्थ "चालेल" म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "त्या महिन्यात माझ्याकडे जमू या." यावर नाना मनापासून म्हणाले, "अहो, तुम्हांला कशाला त्रास!" मी लिहिले : मे, बलुतं, नानांकडे.

रात्री वही पक्की करायला बसलो. जमाखर्च जुळवताना मागची पाने उलटण्याची आम्हांला खोड असते. गेल्या तीन वर्षांतली मे महिन्याची पुस्तके अशी होती : 'रणांगण', 'उचल्या', 'झाडाझडती'. 'रणांगण' का, तर शेवट वाईट. 'उचल्या' का, तर भाषा. 'झाडाझडती' का, तर जाड. ('मृत्युंजय' उशाला घेता येते, पण तिच्या जाडीबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.) आता मे महिन्यात आमची सोसायटी कशी असते, तर निम्मी कोकणात, उरलेल्यांतली निम्मी लग्नांत, आणि बाकीची लोडशेडिंगच्या आठवणी काढत पंख्याखाली. तीन वर्षांत मे महिन्याची बैठक एकदाही झाली नव्हती. 'रणांगण' जेमतेम सव्वाशे पानांचे. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची ती गोष्ट एवढ्या थोड्या जागेत कशी मावली याचे मला अजून नवल वाटते. त्याच्या चारही प्रती पानेसुद्धा न फाकता चिठ्ठीत वाटल्या गेल्या होत्या.

मग मी बैठका कुणाकडे झाल्या ते रकाने मोजले. तीन वर्षे, म्हणजे मेच्या तीन वजा जाता तेहेतीस बैठका. नानांकडे सहा. तळमजल्यावर शून्य. सगळी नोंद माझ्याच अक्षरात होती, आणि माझे अक्षर चांगले आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेलो. 'बलुतं' आहे का, असे विचारले. त्यांनी कपाटातून जुनी प्रत काढली. वर्तमानपत्राचे कव्हर, पाठीला डिंकाने लावलेली पट्टी.

"बरीच जुनी दिसते."

"वडलांची आहे," ते म्हणाले. "सांभाळून वाचा, साहेब."

बँकेत मला कुणी साहेब म्हणत नाही.

चार दिवस येता-जाता लोकलमध्ये वाचले. पहिले दोन दिवस माझ्यातला कारकून कुरकुरत होता. सगळे सलग सांगितलेले, काल कुठला आणि आज कुठला याची सरमिसळ. तारखा असत्या तर बरे झाले असते, असे वाटले. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की माणूस आठवून बोलतो तेव्हा असाच बोलतो. शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार आपली कहाणी ऐकवतो, आणि दगडू म्हणजे तेच. चांगले कपडे घालून बसलेल्या माणसाने आपल्याच जुन्या नावासमोर बसून ऐकून घ्यायचे, ही १९७८ सालच्या त्या पुस्तकाची मांडणी आहे. आणि हिशेब कसा, तर दोन्ही बाजूंनी चोख. गावाने काय केले ते आहे. पहिल्या बायकोवर संशय घेऊन आपण काय केले, तेही आहे. आत्मचरित्रांत नावे बाजू फार क्वचित लिहिलेली असते. 'जड' म्हणाल तर मुंबईच्या कावाखान्यातली ती माणसे वाचताना मी दोनदा मोठ्याने हसलो आणि शेजारच्याने पेपर खाली केला. दया मागणारे एकही पान मला सापडले नाही. वहिनींना खाताना जे जड जाईल असे वाटत होते ते काय, याचा मी विचार केला आणि तो विचार मात्र जड गेला.

प्रत परत करताना म्हटले, "हे जानेवारीत ठेवू या का? तुमच्याकडेच."

"जानेवारीत 'स्वामी' आहे ना?"

"ती मेमध्ये टाकतो. सगळ्यांनी वाचलेली आहे. कुणी हजर नसलं तरी चालेल."

ते पहिल्यांदाच हसले.

रात्री नानांचा फोन आला. "हा अधिकार तुम्हांला कुणी दिला?" मी म्हटले, "नाना, वही माझ्याकडे असते." पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकले होते, बोलायची संधी प्रथमच मिळाली.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बाराही घरचे आले. जागा लहान पडली नाही. एकाला उंबऱ्यावर बसावे लागले, तो मी. नानांच्या दिवाणखान्यातही मी दारातच असतो. माईंच्या हातात पुस्तकात घातलेल्या सात-आठ कागदाच्या खुणा दिसत होत्या. क्षणभर कुणीच बोलेना. मग नानांनी घसा साफ केला, पेन्सिलीने रेघा मारलेली प्रत उघडली आणि म्हणाले, "मला यातल्या काही गोष्टी पटलेल्या नाहीत."

"कोणत्या?" तळमजल्यावरच्या गृहस्थांनी विचारले आणि खुर्ची पुढे ओढली.

पावणेदहा वाजेपर्यंत त्यांच्या मिसेस दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन गेल्या. भजी तळायला घ्यायची की नाही, हे विचारायला त्यांना मध्ये जागाच मिळाली नाही.