टायरचा आवाज की रस्त्याचा? : ध्वनिमापनाच्या प्रमाण पद्धतीची चिकित्सा

वाहतुकीच्या गोंगाटाची चर्चा बहुधा भोंगे आणि इंजिने यांच्यापुरती मर्यादित राहते. वस्तुतः मोटारगाडी ताशी ४०-५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू लागली की टायर व रस्ता यांच्या संपर्कातून निर्माण होणारा आवाजच प्रबळ ठरतो. वेग दुप्पट झाल्यास तो सुमारे ९ डेसिबलने वाढतो. विद्युत मोटारीही त्यास अपवाद नाहीत.

या आवाजाला आळा घालण्यासाठी युरोपीय संघाने २०१२ पासून टायरवर ध्वनिपातळीचे लेबल सक्तीचे केले. भारतानेही २०२२ च्या अधिसूचनेद्वारे एआयएस १४२ हे मानक स्वीकारले. दोहोंमागील पद्धत मूलतः एकच आहे. इंजिन बंद करून मोटार ताशी ८० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चाचणीपट्टीवरून जाऊ दिली जाते आणि मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर, १.२ मीटर उंचीवरील ध्वनिग्राहकांद्वारे नोंद घेतली जाते. उपकरणांतील संभाव्य त्रुटीपोटी १ डेसिबल वजा करून आकडा खालच्या पूर्णांकात उतरवला जातो. ही सवलत उत्पादकाच्या बाजूने झुकलेली आहे हे उघडच आहे. तथापि पद्धतीचा मूळ दोष तो नव्हे.

मूळ दोष चाचणीच्या पृष्ठभागात आहे. आयएसओ १०८४४ या मानकानुसार तो बारीक खडीचा, घट्ट व सपाट डांबरी थर असतो. सर्वत्र एकच पृष्ठभाग असल्याशिवाय टायरांची तुलना होणार नाही, हा त्यामागील युक्तिवाद प्रयोगशाळेपुरता ग्राह्य आहे. परंतु आवाजाची कारणे दोन आहेत. खडबडीत पृष्ठभागावर टायरच्या नक्षीचे ठोकळे आदळून कंप पावतात व सुमारे १००० हर्ट्‌झच्या खालचा आवाज वाढतो. गुळगुळीत पृष्ठभागावर खाचांतील हवा दाबली जाऊन सुटते व त्याहून उंच स्वराचा आवाज वाढतो. सच्छिद्र डांबरी थर या हवेला वाट देतो आणि आवाज काही अंशी शोषूनही घेतो. साहजिकच प्रमाण पट्टीवर शांत ठरलेला टायर जाड खडीच्या रस्त्यावर तितकाच शांत राहील याची हमी नाही; टायरांचा परस्परक्रमही बदलू शकतो. आकडा टायर आणि रस्ता या जोडीचा असताना तो एकट्या टायरच्या नावे लिहिला जातो.

रस्त्याच्या बाजूने काय साधता येते, हे अमेरिकेतील फिनिक्स शहराने दाखवले. तेथील काँक्रीटच्या द्रुतगती मार्गांवर आडव्या खाचा पाडलेल्या होत्या व त्यांचा आवाज रहिवाशांना असह्य होई. २००३ पासून त्यांवर रबरमिश्रित डांबराचा सुमारे एक इंच जाडीचा थर देण्यात आला. संघीय महामार्ग प्रशासनाने प्रायोगिक स्वरूपात, ध्वनिरोधक भिंतींचे गणित मांडताना या थरासाठी ४ डेसिबलची घट धरण्यास अनुमती दिली. वाहने तीच, टायरही तेच; बदलला तो रस्ता. मात्र वय वाढेल तसा अशा थराचा लाभ घटतो. नेदरलँड्‌सच्या महामार्गांवर रूढ असलेल्या सच्छिद्र थराची छिद्रेही धुळीने बुजतात. वेगवान वाहतुकीत ती काही अंशी मोकळी होतात, शहरातील संथ रस्त्यांवर होत नाहीत. एकदाच घेतलेले मापन म्हणूनच रस्त्याच्या बाबतीतही अपुरे ठरते.

महाराष्ट्रात २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचाच बांधला गेला. अशा पृष्ठभागावर खाचा आडव्या की उभ्या, खोल की उथळ, यावर आवाज अवलंबून असतो. एआयएस १४२ च्या चाचणीत मात्र त्याचे प्रतिबिंब पडू शकत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण रस्त्याच्या पृष्ठभागाविषयी अवाक्षर नाही. परिणामी टायर उत्पादकावर बंधन येते आणि रस्ता बांधणारा मोकळा राहतो.

पर्यायी साधन नाही असे नाही. आयएसओ ११८१९ च्या २०१७ मधील दुसऱ्या भागात प्रमाण टायरालगत ध्वनिग्राहक बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरच नोंद घेण्याची पद्धत दिली आहे. त्यासाठी वाहतूक थांबवावी लागत नाही आणि एका फेरीत कित्येक किलोमीटर रस्ता मोजून होतो. काम ताब्यात घेताना एकदा व त्यानंतर दर काही वर्षांनी असे मापन करण्याची अट रस्त्याच्या कंत्राटात घालता येण्याजोगी आहे.